ओहोटीच्या वाटेवर: कोकण किनाऱ्यावरचे समुद्री शंख बघायचे कसे, ओळखायचे कसे, जपायचे कसे

किनाऱ्यावर शंख सापडला की हात आपोआप कानाकडे जातो. तो कानाला लावण्याआधी उलटा करा आणि त्याचं तोंड बघा. आत काही हललं, तोंडावर एखादी चकती घट्ट बसलेली दिसली, कडेला ओलसर मांस दिसलं, तर तुमच्या हातात वस्तू नाही, जिवंत प्राणी आहे. तो जिथून उचलला तिथेच, त्याच बाजूने खाली ठेवा.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. मालवणकडच्या एका कातळावर मी दहा-अकरा वर्षांची असताना ओंजळभर शंख गोळा केले होते. शेजारी कालवं फोडत बसलेल्या एका मावशीने माझ्या ओंजळीत बघितलं आणि म्हणाली, "गो बाय, तां जिता आसा. थंयच ठेव." मी एकेक शंख खाली ठेवला. दोन-तीन मिनिटांत त्यातला एक हलला, बारीक शिंगं बाहेर आली आणि तो चालू लागला. त्यानंतर आजवर मी ओहोटीला जातेय ते तेवढं बघायला. शिकत गेले ते टप्प्याटप्प्याने इथे सांगते, म्हणजे तुम्ही पहिल्यांदा जाल तेव्हा चाचपडावं लागणार नाही.

आधी एक गैरसमज

गोगलगाय मोठी झाली की जुना शंख सोडून नवा शोधते, असं बऱ्याच जणांना वाटतं. शंख बदलतो तो शंखातला खेकडा. त्याचं पोट मऊ असतं, म्हणून तो मेलेल्या गोगलगाईचा रिकामा शंख पाठीवर घेऊन फिरतो. गोगलगाईचा शंख तिच्या शरीराचाच भाग आहे. शंखाच्या आत मधोमध एक पीळदार खांब असतो, त्याला ती स्नायूने जोडलेली असते. तिच्या अंगावर प्रावार नावाचा मऊ पडदा असतो. तो समुद्राच्या पाण्यातला चुना घेऊन शंखाच्या तोंडाच्या कडेला थर चढवत जातो. टोकाचा चिमुकला वेढा म्हणजे तिचं बालपण आणि तोंडाची कड म्हणजे तिचा आजचा दिवस. मध्येच एखादी जाड आडवी रेघ किंवा बुजलेली चीर दिसली, तर तिथे तिची वाढ थांबली होती किंवा खेकड्याने कड मोडली होती आणि तिने ती पुन्हा बांधली. ओरबाडून तिला शंखाबाहेर काढली की ती मरते.

दिवस आणि वेळ निवडणं

अर्धं यश इथेच ठरतं. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त चढतं आणि तितकंच लांब ओसरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फारसं हलत नाही आणि खालचा कातळ उघडा पडत नाही. म्हणून दिवस उधाणाचाच घ्यायचा.

कोळी आणि गाबीत समाजातली जाणती माणसं भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, जे येईल तो भरतीचा अंदाजे तास. चतुर्थीला पाऊणपट तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी नऊला. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी सव्वापाच-साडेपाचच्या पुढे. या हिशोबात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो आणि खाडीच्या आतल्या भागात वेळ आणखी पुढे सरकते, म्हणून निघण्याआधी भरती-ओहोटीचा छापील किंवा मोबाइलवरचा तक्ता बघाच. तक्त्यात वेळेशेजारी उंची मीटरमध्ये दिलेली असते. ओहोटीचा आकडा 0.5 किंवा त्याखाली असेल तर दिवस चांगला. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते, त्यामुळे आज सकाळी सहाला मिळालेली ओहोटी परवा पावणेआठच्या आसपास मिळेल.

या हिशोबातून एक कामाची गोष्ट निघते. आपल्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत ओहोटी पहाटे-सकाळी आणि संध्याकाळी येते, भर दुपारी नाही. पहाटे उजेड कमी असतो, संध्याकाळी परतताना अंधार गाठतो. नवख्या माणसाने सकाळचीच वेळ धरावी आणि पौर्णिमेच्या दिवशी न जाता एक-दोन दिवस नंतर जावं. मग ओहोटी सात-साडेसातला येते आणि ऊनही कोवळं असतं.

ठरलेल्या वेळेच्या दीड तास आधी पोहोचा आणि ओसरत्या पाण्यामागे चालत खाली जा. पाणी फिरलं की परत निघायचं, तेव्हा कितीही सुंदर काही दिसलं तरी. मुंबईत उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढउतार करतं आणि चढताना मागची वाट आधी बुडते. नोव्हेंबर ते मार्च हा काळ उत्तम. पावसाळ्यात कातळावर जाऊच नका. शेवाळाने पाय टिकत नाही आणि लाटांचा भरवसा नसतो.

सोबत काय घ्यायचं

जुने, तळाला खाचा असलेले बूट. चप्पल नको, ती निसटते आणि कालवांच्या कडा पाय कापतात. प्लास्टिकची पट्टी, वही, पेन्सिल, पाण्याची बाटली, मोबाइलला पाण्यापासून वाचवणारी पिशवी. सोबत एक माणूस हवा. बादली आणि जाळी घरी ठेवा. हातात बादली असली की ती भरावीशी वाटतेच.

वरून खाली चालत जाणं

कातळाच्या किनाऱ्यावर प्राणी आडव्या पट्ट्यांत राहतात. कोण किती वेळ पाण्याबाहेर तग धरू शकतं यावर त्याची जागा ठरते. म्हणून थेट पाण्याकडे धावू नका, वरच्या कोरड्या दगडापासून सुरुवात करा.

सगळ्यात वर, भरतीचे नुसते तुषार पोहोचतात तिथे, दगडांच्या चिरांमध्ये मुगाच्या दाण्याएवढ्या गोगलगाई घोळक्याने बसलेल्या असतात. त्यांच्या खाली नेरिटा भेटतात. जाड, गोलसर, काळपट शंख, तोंड अर्ध्या चंद्रासारखं आणि त्यावर चुनखडी झाकण. उन्हात हे झाकण लावून त्या आतलं पाणी धरून ठेवतात. दगडावर तिळाएवढे पांढरे ठिपके दिसले तर ती बहुधा नेरिटाची अंडी, नखाने खरवडू नका. त्याच पट्ट्यात टोपीसारखा चपटा शंख दगडाला चिकटलेला दिसेल. हा ओढून निघत नाही. भरतीत तो शेवाळ चरायला फिरतो आणि यातल्या बऱ्याच जाती चरून झाल्यावर पुन्हा आपल्याच ठरलेल्या जागी येऊन बसतात. तिथे शंखाची कड दगडाच्या उंचसखल भागाशी तंतोतंत जुळलेली असते. उपटून दुसरीकडे लावलात तर ती जुळत नाही आणि तो सुकतो.

मधल्या पट्ट्यात डबकी सुरू होतात. इथे टर्बो आणि ट्रोकस बघा. टर्बोचं तोंड गोल आणि झाकण जाड, फुगीर, डोळ्याच्या बुबुळासारखं. ट्रोकसचा शंख भोवऱ्यासारखा आणि झाकण पातळ, तपकिरी, नखासारखं, त्यावर गोल गोल रेघा. दोन्ही शेवाळखाऊ. फक्त झाकण बघून त्यांच्यातला फरक सांगता येतो, ही सवय आत्ताच लावून घ्या.

सर्वांत खालचा पट्टा उधाणाच्या ओहोटीला जेमतेम तासभर उघडा पडतो. कवड्या, म्युरेक्स नावाचे काटेरी शंख, मोठे मांसाहारी शंख इथे दगडांच्या सावलीत असतात. दगड उलटवावा लागला तर हळू उलटवा, अर्धं मिनिट बघा आणि होता तसा परत ठेवा. दगडाच्या खालच्या अंगाला स्पंज, अंडी, किडे चिकटलेले असतात. ती बाजू उन्हाकडे राहिली तर पुढच्या भरतीपर्यंत ते सगळं मरतं. माझ्यासोबत येणाऱ्यांना मी दुसरा कुठलाही नियम इतक्या कडकपणे सांगत नाही.

शंख वाचायचा कसा

नाव शोधण्याआधी चार गोष्टी बघा.

टोक वर आणि तोंड आपल्याकडे असा शंख धरा. तोंड उजव्या हाताला दिसलं तर तो उजवा. जगातले नव्वद टक्क्यांहून जास्त शंख असे असतात. डावीकडे तोंड असलेला दिसला तर थांबून नीट बघा, तो दुर्मीळ आहे.

मग तोंडाचा तळ. तिथे खाच किंवा लांब नळीसारखी पन्हळ असेल तर तो प्राणी बहुतेक मांसाहारी. त्या पन्हळीतून तो एक मऊ नळी बाहेर काढतो, पाणी आत घेतो आणि पाण्यातला वास तपासत भक्ष्य शोधतो. तोंड सलग गोल आणि खाच नाही, तर बहुधा शेवाळ चरणारा. याला अपवाद आहेत. चिखलातल्या लांब मिनारासारख्या काही शंखांना खाच असते, तरी ते गाळच खातात. पण दहातल्या सातआठ वेळा हा अंदाज जुळतो.

मग मधला खांब. तोंडातून आत बोट घालून बघा (रिकाम्या शंखातच), तो गुळगुळीत आहे की त्यावर घड्या आहेत. पुढे देवघरातल्या शंखाची पारख करताना याच घड्या कामी येतील. शेवटी झाकण. चुनखडी की नखासारखं, गोल की लांबट, की नाहीच.

फोटो काढताना तोंडाकडून, पाठीकडून, टोकावरून आणि झाकणाचा, असे चार काढा. शेजारी पट्टी ठेवा. रंगावर भर देऊ नका, एकाच जातीत रंग वाटेल तसे बदलतात. आपल्या रेतीच्या किनाऱ्यांवर उम्बोनियम नावाचा शर्टाच्या बटणाएवढा, चपटा, चकचकीत शंख ढिगाने सापडतो. मूठभर गोळा करून तळहातावर पसरा. गुलाबी, राखाडी, तपकिरी, पट्टेदार, ठिपकेदार असे सगळे दिसतील आणि सगळी जात एकच.

कवडी

कवडीचं मराठीशी नातं जुनं आहे. कवडीमोल, फुटकी कवडी, कवडीचुंबक हे शब्द आले ते ती चलन होती म्हणून. हे चलन म्हणजे पिवळट, लहान मोनेटेरिया मोनेटा. ती मालदीवहून जहाजांनी भारतात आणि पुढे आफ्रिकेपर्यंत गेली. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यात कवड्यांची माळ असते. कोकणच्या कातळावर मात्र भेटतात त्या दुसऱ्या जाती. अरबी कवडी हात भरेल एवढी, पाठीवर तपकिरी लिपीसारख्या रेघा. शिवाय ठिपक्यांच्या छोट्या कवड्या.

मेलेली कवडी चकचकीत का असते, हे जिवंत कवडी बघितल्यावर कळतं. एका डबक्यात मी शेवाळाचा काळपट गोळा समजून एका कवडीकडे दुर्लक्ष केलं होतं. त्या गोळ्यावर बारीक फांद्यांसारखे तंतू होते. मी बोटाने पाणी हलवलं, तसा तो गोळा दोन्ही बाजूंनी मागे सरकू लागला, पडदा उघडावा तसा, आणि मधून काचेसारखी पाठ दिसू लागली. सगळा पडदा आत जायला बहुधा अर्धं मिनिट लागलं असेल. तो पडदा म्हणजे प्रावार. कवडी तो बाहेर काढून पूर्ण शंखावर पांघरते आणि बाहेरूनही थर चढवत राहते, म्हणून कवडीवर ना ओरखडा राहतो ना शेवाळ धरतं. पाच मिनिटं हललो नाही तर पडदा पुन्हा वर येतो. ते बघायला बसा.

कवडीच्या पिल्लाचं तोंड रुंद आणि कड पातळ असते, ओळखूही येत नाही. वयात आल्यावर कड आत वळते, तिला दात येतात. त्यानंतर कवडी आकाराने वाढत नाही, फक्त जाड होत जाते. म्हणून लहान कवडी म्हणजे तरुण कवडी असं धरू नका.

ज्याला हात लावायचा नाही

शंकूच्या आकाराचा शंख, वरचं टोक बसकं, तोंड म्हणजे वरून खालपर्यंत एक अरुंद उभी फट. हा कोनस. आपल्या किनाऱ्यावर याच्या अनेक जाती आहेत. यांच्या तोंडातला दात पोकळ, भाल्यासारखा, विषाने भरलेला असतो. लांब सोंडेतून तो फेकून ते किडा, दुसरी गोगलगाय किंवा मासा लुळा करतात. किडे खाणाऱ्यांचा दंश बहुधा गांधीलमाशीइतका, पण मासे खाणाऱ्या कोनस जिओग्राफसच्या दंशाने माणसं मेली आहेत. किनाऱ्यावर उभं राहून कुठला कोणता हे ठरवत बसू नका. कोनस म्हटला की हात मागे.

'मागून धरलं तर चालतं' असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. सोंड वळून शंखाच्या बऱ्याच भागापर्यंत पोहोचते. खिशात ठेवलेल्या शंखाने कापडातून दंश केला आहे. दंश कधी अजिबात दुखत नाही. ओठ-बोटं बधिर होणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं, पापण्या जड होणं आणि मग श्वास अडखळणं, असा क्रम असतो. विषावर उतारा उपलब्ध नाही. दंश झालेला हात-पाय रुंद पट्टीने बोटांपासून वर घट्ट गुंडाळा, फळी किंवा काठी बांधून हलू देऊ नका, माणसाला चालवू नका आणि ज्या रुग्णालयात व्हेंटिलेटर आहे तिथे ताबडतोब न्या. श्वास बंद पडला तर कृत्रिम श्वास देत राहा. विषाचा जोर उतरेपर्यंत श्वास चालू राहिला तर माणूस वाचतो. जखम कापणं, चोखणं यातलं काही करू नका.

याच विषातून औषध मिळालं आहे. कोनस मॅगसच्या विषातल्या एका घटकावरून बनवलेलं झिकोनोटाइड हे तीव्र वेदनेवरचं औषध अमेरिकेत 2004 साली मंजूर झालं. मॉर्फिनने न थांबणारं दुखणं थांबवायला ते मणक्यातल्या द्रवात देतात. एका कोनसच्या विषात अशी शंभराहून अधिक संयुगं असतात आणि प्रत्येक जातीची वेगळी. कातळावरचा एक शंख किती मोलाचा असू शकतो हे मला यापेक्षा स्पष्ट सांगता येणार नाही.

रेतीवर काय बघायचं

कातळ नसेल तरी निराश होऊ नका. ओल्या, सपाट रेतीवर ओहोटीच्या वेळी खाली बघत चाला. रेतीत बोटभर रुंद, वळणावळणाची वाट दिसेल, तिच्या शेवटी छोटासा उंचवटा. हलकेच रेती बाजूला केली तर नॅटिका सापडेल, चंद्रासारखी गोल, गुळगुळीत. तिचा पाय शंखाच्या दुप्पट पसरतो आणि नांगरासारखा रेती ढकलतो.

ही शिकारी आहे. शिंपलीला पायात लपेटते आणि आळीपाळीने आम्ल सोडते व दातांच्या पट्टीने खरवडते. काही तासांत शिंपलीला छिद्र पडतं, त्यातून ती आतलं खाते. किनाऱ्यावरच्या रिकाम्या शिंपल्यांपैकी ज्यांना एकच, अगदी गोल छिद्र आहे, त्या हातात घ्या. बाहेरची कड उतरती, स्क्रूची डोकी बसवायला सुतार करतो तशी असेल, तर ते नॅटिकाचं काम. सरळ नळीसारखं छिद्र असेल तर म्युरेक्सच्या कुळातल्या कुणाचं. अर्धवट राहिलेलं छिद्र दिसलं, तर ती शिंपली तेव्हा निसटली होती. मुलांना सोबत न्याल तर पन्नास शिंपल्या वेचायला सांगा आणि त्यातल्या किती खाल्ल्या गेल्या ते मोजायला लावा. ती दोन तास जागचं हलत नाहीत.

याच रेतीवर तुटक्या वाडग्याच्या काठासारखी, करड्या रंगाची, लवचीक पट्टी पडलेली असते. लोक तिला रबर किंवा प्लास्टिक समजून कचऱ्यात टाकतात. किनारा स्वच्छ करणारी चांगली मंडळीही टाकतात. ती नॅटिकाची अंडी, रेती आणि चिकट द्रवात बांधलेली. हाताला रेती लागते का बघा. लागली की सोडून द्या.

पावसाळ्यात जांभळा, कागदासारखा पातळ शंख लाटांनी आणलेला दिसला तर तो जँथिना. तो आयुष्यभर बुडबुड्यांच्या तराफ्याला उलटा लटकून खोल समुद्रात तरंगतो. तो येतो त्याच वाऱ्याने निळे फुगे, म्हणजे ब्लूबॉटलही येतात. त्यांचे तंतू मेल्यावरही डसतात, म्हणून त्या दिवसांत अनवाणी फिरू नका.

खाजणात गेलात तर तिवराच्या मुळांशी चिखलात बोटाहून लांब, काळपट मिनार पडलेले दिसतील, ते टेलेस्कोपियम. खोडावर चढलेल्या छोट्या गोगलगाई दिसतील. त्या भरती टाळायला वर चढलेल्या असतात.

देवघरातला शंख आणि दक्षिणावर्ती

पूजेचा शंख म्हणजे टर्बिनेला पायरम. तो कोकणात सहसा मिळत नाही, मुख्यतः मन्नारच्या आखातातला, तुतुकुडी-रामेश्वरकडचा, आणि कच्छच्या आखातातलाही. जिवंतपणी त्याच्यावर तपकिरी, सालीसारखं आवरण असतं, ते काढून घासल्यावर तो दुधासारखा पांढरा होतो. हडप्पा काळात याच्याच बांगड्या गुजरातच्या किनाऱ्यावर नागेश्वरसारख्या ठिकाणी कापल्या जात. आजही बंगालमधल्या सुवासिनींच्या 'शाँखा' नावाच्या पांढऱ्या बांगड्या याच शंखाच्या.

दक्षिणावर्ती म्हणजे उजवा शंख. त्याचा गोंधळ उलट्या-सुलट्या धरण्यातून होतो. अभ्यासक शंखाचं टोक वर धरतात, पूजेत निमुळती पन्हळ वर धरतात. म्हणून अभ्यासकाला जो डावा, तो देवघरात उजवा. टर्बिनेलामध्ये असा डावा फार क्वचित जन्माला येतो, म्हणून त्याची किंमत लाखांत सांगतात. बाजारात 'दक्षिणावर्ती' म्हणून मिळणारे बहुतेक शंख अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या एका वेगळ्याच जातीचे असतात. ती जात निसर्गतःच डावी आहे आणि तिथे मुबलक सापडते.

पारख सोपी आहे. तोंडातून मधल्या खांबाकडे बघा, बोट फिरवा. खऱ्या टर्बिनेलाच्या खांबावर तीन-चार ठळक, आडव्या घड्या असतात. त्या अमेरिकन शंखाचा खांब जवळजवळ गुळगुळीत असतो. शिवाय तो वजनाला हलका आणि त्याचे खांदे कोनदार. दुकानदार बोट घालू देत नसेल तर घेऊ नका. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने मोठी रक्कम मोजून असा शंख आणला होता. मी खांब दाखवला तेव्हा घरातल्या आजी बराच वेळ गप्प बसल्या. त्यांना पैशांचं दुःख नव्हतं, श्रद्धेने आणलेली गोष्ट खोटी सांगून विकली याचं होतं.

काय घ्यायचं, काय नाही

जिवंत काहीच नाही. रिकाम्यातही, आत शंखातला खेकडा नाही ना हे बघायचं. शंख पाण्यात ठेवून तीन-चार मिनिटं थांबा, खेकडा असेल तर पाय बाहेर काढतोच. जाड, अखंड, मध्यम आकाराचे रिकामे शंख मी आता घेतच नाही. खेकड्यांना घर म्हणून तेच लागतात. स्पेनच्या एका किनाऱ्यावर तीस वर्षांच्या अंतराने मोजणी केली तेव्हा पर्यटक जवळपास तिपटीने वाढलेले आणि वाळूतले शंख-शिंपले सुमारे साठ टक्क्यांनी कमी झालेले आढळले. मालवण सागरी अभयारण्यात (1987 पासून) तर काहीच उचलायचं नाही.

कायदाही लक्षात ठेवा. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या यादीत 2001 साली काही शंख-शिंपले आले. शिंगांचा मोठा कॅसिस कॉर्न्युटा, रणशिंगासारखा कॅरोनिया ट्रायटोनिस, नॉटिलस, राक्षसी शिंपले हे त्यात आहेत. दुकानात मांडलेत म्हणून ते विकत घेणं कायदेशीर होत नाही. प्रवाळाचे तुकडेही नकोत. परदेशातून येणाऱ्यांनी राणी शंख (क्वीन काँच), नॉटिलस, राक्षसी शिंपला बॅगेत टाकू नये. यांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंधनं आहेत आणि विमानतळावर अडकाल.

धुणं आणि ठेवणं

घेतलाच एखादा झिजलेला, रिकामा शंख, तर दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला, मऊ दातब्रशने घासा आणि सावलीत वाळवा. उकळू नका, तडे जातात. आम्ल लावू नका. दुकानातले शंख चकाकतात ते अनेकदा आम्लाने वरचा थर उतरवून, त्यात त्यांची खरी नक्षी जाते. फार फिका वाटला तर खनिज तेलाचं बोट फिरवा, खोबरेल नको, ते खवट होतं.

ठेवण्यात मी मोठी चूक केली. माझे सगळे शंख मी प्लायवूडच्या एका कपाटाच्या बंद कप्प्यात, पुठ्ठ्याच्या खोक्यांत कापसावर ठेवले होते. तीन पावसाळ्यांनंतर कप्पा उघडला तर शंखांवर पांढरी, पिठासारखी बुरशी. पुसली, पुन्हा आली. ती बुरशी नव्हतीच. लाकूड, प्लायवूड, पुठ्ठा यांतून अॅसेटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ निघते, दमट हवेत ती चुन्यावर चढते आणि शंखाचं क्षारात रूपांतर होऊ लागतं. याला बाइनचा रोग म्हणतात. 1899 साली बाइन नावाच्या इंग्रज संग्राहकाने त्याचं वर्णन केलं आणि तोही कारण जंतू समजला होता. गेलेली नक्षी परत येत नाही. शंख गोड्या पाण्यात वारंवार धुऊन, पूर्ण वाळवून मी काचेच्या बरण्यांत आणि प्लास्टिकच्या डब्यांत हलवले, तेव्हा पुढची हानी थांबली. कोकणातल्या दमट हवेत शंख ठेवायचे तर लाकूड आणि पुठ्ठा दोन्ही वर्ज्य, आणि दर पावसाळ्यानंतर डबे उघडून हवा द्यायची.

चिठ्ठी

संग्रहालयातल्या शंखाला किंमत येते ती त्याच्यासोबतच्या चिठ्ठीमुळे. फोटोलाही तेच लागू. पेन्सिलने लिहा, शाई उडते. तारीख, तिथी, गाव आणि किनारा, कातळ की रेती की खाजण, वरचा-मधला-खालचा यातला कोणता पट्टा, जिवंत की रिकामा, मापं, आणि सोबत काय होतं. नाव माहीत नसेल तर जागा कोरी सोडा, अंदाजाने भरू नका. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकले तर जाणकार नाव सुचवतात आणि नोंदही राहते. मुंबईत 2017 पासून मरीन लाइफ ऑफ मुंबई या गटाने किनाऱ्यावर लोकांना नेऊन अशा नोंदी जमवल्या आहेत, त्यांच्या फेरीत एकदा जाऊन बघा. रत्नागिरीच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राच्या संग्रहालयात आपल्याकडचे शंख नावांसह मांडलेले आहेत, पहिल्या ओहोटीआधी ते बघून घेतलं तर कातळावर डोळा लवकर बसतो.

माझ्या वहीतली गेल्या हिवाळ्यातली एक नोंद अशी: पौष वद्य द्वितीया, सकाळी साडेसात, मालवणच्या उत्तरेचा कातळ, खालचा पट्टा, दगडाच्या सावलीत अरबी कवडी, जिवंत, 52 मिलिमीटर, प्रावार अर्धा बाहेर. अंड्यांवर बसलेली. दगड परत ठेवला.